विमलबाईंचा अर्ज

विमलबाई पोरांना कधी नावानं हाक मारत नसत. सकाळी अंगणवाडीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहत आणि ओरडत, "काऊन रे अस्वला, आज उशीर? अन् हे कासव कुठी चाललं?" पोरगं लगेच हातापायांवर उतरून, ढुंगण वर करून, डुलत डुलत आत शिरे. बाई तिथल्या मदतनीस. काम खिचडी शिजवायचं आणि झाडलोट करायचं. पण धानोरा तालुक्यातल्या आमच्या त्या गावात योग कोण शिकवतं असं विचारलं, तर शेंबडं पोरही त्यांचंच नाव घेई.

आणि योगाचं प्रमाणपत्र होतं माझ्याकडे! शेजारच्या प्राथमिक शाळेत मी शिक्षक. नागपूरला राहून पदविका केलेली, ती चौकटीत घालून भिंतीवर लावलेली. सरळच सांगतो, मला विमलबाईंचा हेवा वाटायचा. अगदी पोटात दुखायचं. माझा तास शिट्टीवर चाले. वृक्षासन म्हटलं की पोरं जांभया देत, एकमेकांना ढकलत. तिकडे बाई म्हणत, "बगळा व्हा. मासा येईपर्यंत हालाचं नाई," की तीन-चार वर्षांची चिल्लीपिल्ली एका पायावर गप्प उभी! मासा म्हणजे बाईच. पदर हलवत त्या पोरांच्या समोरून जात.

एकदा मी ऐकवलंच, "बाई, याला वृक्षासन म्हणतात. बगळा नाही."

"म्हणत असन गुरुजी," त्या म्हणाल्या, "पण झाडाले भूक नाई लागत. बगळ्याले लागते, म्हून तो एका पायावर उभा राह्यते. पोरायले हे बराबर समजते."

मी शिट्टी खिशात घातली आणि शाळेकडे वळलो.

मार्चात मोहफुलं गळायला लागली. त्या दिवसांत आमच्याकडे सगळं गाव पहाटेच टोपल्या घेऊन रानात जातं, कडेवरच्या पोरासकट. अंगणवाडी ओस, माझी शाळाही ओस. मी हजेरीपट समोर ठेवून बसून राहिलो. बाई मात्र खिचडीचं पातेलं डोक्यावर घेऊन रानाकडे निघाल्या. मला राहवेना, मीही मागोमाग गेलो. आया फुलं वेचत होत्या आणि मोहाच्या झाडाखाली पंधरा-वीस पोरं डोळे मिटून उताणी पडली होती. माझे विद्यार्थीही त्यांत!

"तुमी झाडावरून पडलेलं मोह," बाई सांगत होत्या. "येचल्याबिगर उठाचं नाई." मग एकेकाच्या पोटावर हात ठेवून त्या त्याला 'वेचत' होत्या. शवासन हो! वर्षभर शिट्ट्या फुंकून मला जे जमलं नाही, ते या बाईला खिचडी निवेपर्यंत जमलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच संध्याकाळी मी निनावी तक्रार लिहिली. मदतनीस विनाप्रशिक्षण योग शिकवतात, बालकांना जंगलात नेतात. खरं तर पोरांना आयाच नेत होत्या. ते मी लिहिलं नाही. आणि अक्कल पाहा माझी! जातीच्या दाखल्यापासून घरकुलापर्यंत गावातला प्रत्येक अर्ज माझ्याच हातचा. बाईंच्या नोकरीचा अर्जसुद्धा मीच लिहिलेला. आठवड्यानं पर्यवेक्षिका आल्या, गावकऱ्यांसमोर तक्रार वाचून दाखवली आणि योग बंद करायला सांगून गेल्या. कागद हातोहात फिरला. अक्षर सगळ्यांनी ओळखलं. शेवटी तो माझ्याच हातात आणून दिला.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या घरी आल्या.

"गुरुजी, अर्ज लिहून पाह्यजे. पोरायले शिकवू द्या म्हून."

"माझ्याकडून?"

"मंग कोणाकडून? गावात दुसरं कोण लिहिते?"

मी कागद घेतला. कारण काय लिहू, असं विचारलं.

"आमचे हे गेले, तवा सकाळी उठाचं काऊन, तेच समजे नाई. कोणासाठी उठाचं? आता आंग दुखलं तरी उठते. अस्वल दारात येते ना. मी नाई दिसली तर ते वापस जाते."

मी जसंच्या तसं लिहिलं. लिहिताना लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला. पदविकेच्या अर्जात मी 'पदोन्नतीसाठी उपयुक्त' एवढंच कारण दिलं होतं.

तो अर्ज पुढे मंजूर झाला. माझी सिरोंच्याला बदली झाली. पण विमलबाई आठवतात त्या माझ्या खुर्चीवर बसून, ओळीखाली बोट फिरवत स्वतःचा अर्ज वाचणाऱ्या. सगळा वाचून त्यांनी सावकाश सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"आता तुमची शिफारस लिहा. तुमी शिकलेले, तुमचं ऐकतीन."

खाली जागा होती तिथं मी दोन ओळी लिहिल्या, बाई उत्तम शिकवतात म्हणून. लिहिलं ते खरंच होतं. घाईघाईनं कागदाची घडी घालायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"या खेपेस नाव लिहा, गुरुजी."