सहावा बार

तुर्भ्याच्या खाणी बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता त्या खाणींचं संग्रहालय काढलंय. सून नातीला दाखवायला निघाली तेव्हा मलाही घेतलं. "आई, तुम्ही खाणीवरच वाढलात. बघा तरी!" मला जायचं नव्हतं, पण नाही म्हणायला मला कधी जमलं नाही.

पहिल्या खोलीत घण, पहारी, घमेली मांडली होती. तिथं बरं वाटलं. दुसरी खोली अंधारी. दोरीपलीकडे खोटा कातळ, त्यात सहा भोकं, प्रत्येकातून वात बाहेर आलेली. आम्ही आत गेलो आणि शिटी वाजली.

वस्तीत सुरुंग उडवण्याआधी ती शिटी झाली की बायका पोरांना ओढून आत घ्यायच्या आणि बार मोजायच्या. जितकी भोकं, तितके बार. एक कमी आला तर कोणी हलायचं नाही, कारण सुरुंग आत तसाच असतो. एकदा वडिलांचा मोजण्यात घोळ झाला. ते कातळाजवळ गेले आणि परत आलेच नाहीत.

टेपवर बार सुरू झाले. मी भिंतीला धरून मोजत होते. पाच झाले आणि दिवे लागले.

"आता जवळून बघा," तिथला माणूस म्हणाला. नात दोरीखालून वाकून पळालीच.

"थांब! एक राहिलाय!"

परक्यांपुढे मी कधी आवाज चढवला नव्हता. तिचं मनगट धरून मी तिला थेट अंगणात ओढत आणलं.

सून मागोमाग आली. "आई, सगळे बघत होते! टेप आहे ओ ती."

"भोकं सहा आहेत. पाचच झाले."

"अहो, प्लास्टिकचा दगड आहे. तो काय उडणार?"

मलाही ते कळत होतं. पण हात सुटत नव्हता.

"आजी, दुखतंय," नात म्हणाली. मी पकड सैल केली, सोडलं नाही. तिच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती.

"आता जाऊ?"

"नाही. बार राहिला की भाकरी खाऊन होईपर्यंत जायचं नसतं."

सून माझ्याकडे बघत राहिली. मग पायरीवर बसली आणि पिशवीतून डबा काढला. "घे," ती लेकीला म्हणाली, "आधी खाऊन घे."

आम्ही तिघींनी चपाती खाल्ली. डबा रिकामा झाला तरी माझी नजर त्या अंधाऱ्या खोलीच्या दारावरच होती.