पालखीखालची पाश्चात्य संस्कृती

"वाक! अजून वाक बे! गुलाम होय तू, नवरदेव नोहे!"

इतिहासाचे सर ओरडत होते. भर दुपारी, कॉलेजच्या फाटकासमोर, अर्धी आर्णी गोळा झालेली असताना. मी वाकलेलाच होतो. आम्हा चौघांच्या पाठीवर इजिप्तचा अख्खा पिरॅमिड होता. दिसायला थर्माकोलचा, पण आत सागवानी पाट, कारण वर फारो बसला होता. फारो म्हणजे आमच्याच वर्गातला पोरगा. घरी साठ एकर. वरून तो टाचेने माझ्या मानेला ढोसत होता, बैलाला ढोसतात तसा.

"हासून राह्यला काय रे?" सर म्हणाले. "गुलाम हासते का कधी?"

लोक हसले. त्यांना मुभा होती.

आता एक आधीच कबूल करतो. मी फेकाडा माणूस आहे. आमच्या बंजारा तांड्यात मी पावशेर पाऊस पडला तर पूर आला म्हणून सांगतो, आणि लोक बिऱ्हाड बांधायला लागतात. म्हणून या हकिगतीतला घोडा पाण्याच्या टाकीएवढा होता असं मी म्हटलं तर तुम्ही रसवंतीच्या छपराएवढा समजा. पण कोण मला काय बोललं, ते मी जसंच्या तसं सांगणार आहे. त्यात एक शब्द वाढवलेला नाही. वाढवायची गरजच पडली नाही.

तर कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं. सरांच्या डोक्यात आलं की यंदा शोभायात्रा काढायची. विषय: पाश्चात्य संस्कृतीचा इतिहास, प्राचीन ते आधुनिक. आम्हाला बीए दुसऱ्या वर्षाला तोच पेपर होता. कॉलेजपासून मंडपापर्यंत पाच चौक. पाच चौकांत पाच काळ. फाटकापाशी इजिप्त, बस स्टँडवर ग्रीस, कापूस बाजाराच्या तोंडाशी रोम, मग मध्ययुग, आणि शेवटी क्रांती होऊन फ्रान्सचा सम्राट मंडपात शिरणार. चार हजार वर्षं, दीड किलोमीटर.

पात्रं वाटताना सरांनी फार विचार केला नाही. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर, ते राजे. ज्यांच्या घरी मोटारसायकल, ते सरदार. आणि आम्ही चौघं. मी आणि किसन आणि एक रमेश, तिघं एकाच तांड्यातले. चौथा कोलाम पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा, तो तर वर्षभरात चार वाक्यंही बोलला नसेल. आम्ही इजिप्तचे गुलाम. ग्रीसचे गुलाम. रोमचे गुलाम. मध्ययुगातले वेठबिगार. आणि शेवटी पालखीचे भोई. चौक संपला की पळत पुढच्या चौकात जायचं, इजिप्तची चिंधी सोडायची, ग्रीसची गुंडाळायची आणि परत वाकायचं. अख्ख्या इतिहासात आमची कंबर एकदाही सरळ होत नव्हती.

मी सरांना विचारलं होतं. घाबरत, पण विचारलं. "सर, मले निवेदन करू द्या ना. लिहिलं तं मीच हाये."

कारण लिहिलं मीच होतं. या पेपराच्या नोट्स वर्गात फक्त माझ्याकडे होत्या. सगळे त्याच झेरॉक्स करायचे. सरांनी मला बोलावून निवेदन लिहून घेतलं, बावीस पानं. रोमच्या रस्त्यांवर मी अशी दोन पानं लिहिली होती की वाचणाऱ्याला धूळ लागावी.

सर हसले. म्हणाले, "लिहिनं येगळं अन् बोलनं येगळं. तुमच्या लोकाईच्या खांद्याले वजनाची सवय हाये. तुम्हाले तं अ‍ॅक्टिंगचीबी गरज नाही. अन् मेकअपचीबी नाही."

निवेदन दिलं संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याला. त्याला सगळे भैय्यासाहेब म्हणत, सरसुद्धा. शेवटचा सम्राटही तोच. हातात माइक, डोक्यावर मुकुट, खिशात माझी बावीस पानं.

मी तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं, असं आता वाटतं तुम्हाला. मलाही वाटतं. पण अंतर्गत गुण सरांच्या हातात होते. वीस गुण. आठ मिळाले नाहीत तर विषय राहिला. आमच्या तांड्यातून बीए होणारा मी पहिला होणार होतो आणि हे याडीने, म्हणजे माझ्या आईने, इतक्या लोकांना सांगून ठेवलं होतं की बाभळींनाही माहीत झालं होतं. सर प्रत्येक तालमीला एकच वाक्य म्हणायचे, "वीस गुन माह्यापाशी हाये, ध्यानात ठेवजो." मी ध्यानात ठेवलं. वाकलो.

बस स्टँडवर ग्रीस आलं. ट्रॉयचा घोडा! तट्ट्या, बांबू आणि शिवलेली पोती, खाली बैलबंडीची चाकं. सर म्हणाले, त्या काळी ट्रॅक्टर नव्हता, घोडा आतून ढकलायचा. गोष्टीत घोड्याच्या पोटात योद्धे होते. आमच्यात योद्धे वर बसले, तलवारी हलवत, आणि पोटात आम्ही. बाहेरून दार बांधून टाकलं. आत इतकं तापलं होतं की डोक्यावर भाकर ठेवली असती तर फुगून वर आली असती. श्वास घ्यायला एकच भोक होतं, शेपटीच्या खाली. मी त्या भोकातून जग पाहत होतो. फार मोठं दिसत नव्हतं.

तेवढ्यात भोकात आरसे चमकले. ओढणीचे आरसे. याडी होती. हातात पाण्याची बाटली. पोरगा कार्यक्रमात आहे म्हणून ती मजुरी पाडून आली होती.

"सर, माह्यं पोरगं कोठी हाये?" तिने विचारलं.

"असन आतमंदी. तुमचे सारे सारखेच दिसते."

ती घोड्याला वळसा घालून आली. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी तोंड उघडलं. बाहेरून सरांची काठी पोत्यावर बसली. "घोडा बोलत नसते!" मी तोंड मिटलं. तिने बाटली घोड्याच्या पायापाशी ठेवली आणि मागे सरकली. चाक त्या बाटलीवरून गेलं. माझ्याच जोराने गेलं. मीच ढकलत होतो.

याच्यात काहीही फेकलेलं नाही.

रोम कसं गेलं मला आठवत नाही. मध्ययुगात मी आडवा पडलो होतो आणि एक सरदार माझ्यावरून पलीकडे गेला, एवढं आठवतं. माझं डोकं त्या बाटलीपाशीच अडकलं होतं. लोक मोबाइलवर काढत होते. वरून माझंच निवेदन ऐकू येत होतं. रोमचे रस्ते. माझी धूळ. लोक टाळ्या वाजवत होते आणि भैय्यासाहेब मान झुकवत होता.

शेवटच्या चौकात पालखी तयार होती. भैय्यासाहेबाचं वजन म्हणाल तर तो काट्यावर उभा राहिला की काटा यवतमाळकडे बोट दाखवायचा. तालमीत एकदा दांडा निसटला होता, म्हणून यावेळी सरांनी युक्ती केली. पालखीचे दांडे आमच्या खांद्यांना दोरीने आवळून बांधले. काखेतून दोन वेढे, छातीवर फेरा, गाठ पाठीमागे.

"आता कसे टाकता ते पाह्यतो," सर म्हणाले.

पुढे उजवीकडे मी, डावीकडे किसन. मागे रमेश आणि पोडावरचा पोरगा. निघालो. टाकता येत नव्हती. थांबता येत नव्हतं, मागे सगळे काळ रांगेने चालत येत होते. सीझर, सरदार, आता कॉलेजचे शिपाई ढकलत होते तो घोडा, फारो, त्यांच्या मागे बॅंड. पुढे मंडप. मंडपात अध्यक्ष. मध्ये आम्ही, बांधलेले.

आणि वर भैय्यासाहेबाने माइक तोंडाशी धरला आणि शेवटचं पान वाचलं. ते पान लिहायला मला तीन दिवस लागले होते.

"अन् या क्रांतीनंतर असं ठरलं," तो वाचत होता, "की इथून पुढे कोणताही माणूस कोणत्याही माणसाच्या खांद्यावर बसणार नाही!"

टाळ्या पडल्या. काय टाळ्या पडल्या! अध्यक्ष उभे राहिले. सरांचे डोळे भरून आले. आणि तो माझ्या खांद्यावर बसलेला होता. हजार लोकांत एकालाही त्यात काही दिसलं नाही.

मला माझा आजा आठवला. आमचे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. त्याला लदेणी म्हणतात. आजाने स्वतः पाहिलेली नव्हती, पण सांगायचा असा की जणू कालच बैल सोडून आला. फेकायची कला मी त्याच्याकडूनच घेतली. तो म्हणायचा, हजार बैलांच्या पुढे एक बैल चालायचा. गळ्यात घुंगरं, शिंगाला लाल कापड. त्याच्या पाठीवर ओझं टाकायचं नाही, हा रिवाज होता. एकदा कोण्या व्यापाऱ्याच्या माणसाने रिवाज मोडला, त्याच्यावर गोणी टाकली. तो बैल काही लाथा झाडत बसला नाही. तो खाली बसला. मारलं, उठला नाही. शेपटी पिरगाळली, उठला नाही. मागचे हजार बैल जिथल्या तिथे उभे. गोणी उतरवली तेव्हा उठला.

मी लहानपणी विचारायचो, "आजा, हजार बैल? खरंच?" तो म्हणायचा, "बैल कमी कर. बसला ते कमी करू नको."

माझ्या डाव्या बाजूने किसन पुटपुटला. तो आजा त्याचाही आजाच लागत होता, गोष्ट त्याचीही होती. आमच्या गोर बोलीत तो एकच शब्द बोलला, "बेस."

बस.

मी बसलो. दांडा खांद्याला बांधलेला होता, तो माझ्याबरोबर खाली आला. किसन बसला. मग मागचे दोघंही बसले. पोडावरचा पोरगा सगळ्यात शेवटी, पण मांडी घालून, जेवायला बसल्यासारखा. पालखी डांबरावर टेकली. सम्राटाचा मुकुट घरंगळत गटारापर्यंत गेला. मागून सीझर येऊन पालखीवर आदळला, सीझरवर मध्ययुग आणि मध्ययुगावर ट्रॉयचा घोडा. फारोने शिव्या घातल्या. सगळ्यात मागे यवतमाळची एसटी भोंगा वाजवत उभी राहिली. पाश्चात्य संस्कृती आर्णीच्या भर रस्त्यात जाम झाली.

सर धावत आले. "उठ! उठ बे! लोक पाहून राह्यले!"

मी वर पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा सरांचं तोंड मला सरळ दिसलं, कारण तेच वाकले होते.

भैय्यासाहेब पालखीत पाय लांब करून बसला होता. उतरायचं त्याला सुचत नव्हतं. माइक चालूच होता. त्याच्यातून त्याचा आवाज सगळ्या चौकात गेला, "मंग मी आता कसा जाऊ?"

गर्दीतून याडी पुढे आली. कोणाला काही न विचारता तिने माझ्या पाठीवरची गाठ सोडायला घेतली. घट्ट होती. दाताने सोडली.

सोमवारी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. पुढ्यात अंतर्गत गुणांचा तक्ता होता, हातात लाल पेन.

"असं लिहून दे का पालखी माह्या चुकीनं पडली. चौदा गुन देतो."

"पडली नाही, सर. मी बसलो."

सरांनी माझ्या नावापुढे पाच लिहिले. मला दिसेल असे, मोठे. शाई वाळेपर्यंत थांबले. मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "विषय राह्यला तुहा. पुढच्या वर्षी माह्याच हाताखाली येशीन. पालखी पुन्हा तुह्याच खांद्यावर देईन. तवा काय करशीन?"

"तवाबी बसीन, सर."