पडद्यावरची धावणारी आणि आमची लंगडी

जयपूरच्या रेल्वे कॉलनीत आमच्या घरी कादंबरी वाचायची पद्धत अशी: बाबा ड्यूटीवरून आले की चहा घ्यायचे, जाडजूड इंग्रजी पुस्तक मांडीवर उघडायचे आणि त्यातली गोष्ट मला वऱ्हाडीत सांगायचे. मी हिंदी शाळेत सातवीत होते, इंग्रजी यथातथाच. त्या कादंबरीतली नायिका जादूच्या जंगलातून एकटी जायची, ड्रॅगनशी हुज्जत घालायची आणि डाव्या पायानं लंगडायची. माझाही डावा पाय लहानपणी तापात अधू झालेला. शाळेत मला कुणी खेळायला घेत नसे. माझ्या बाजूची अशी ती एकटीच होती.

मग त्यावर सिनेमा आला, हिंदीत डब होऊन. बाबा टाळत होते, मीच हट्ट करून त्यांना नेलं. आणि पडद्यावर कोण? शांपूच्या जाहिरातीतून उचलून आणलेली बाहुली! तीन दिवस जंगलात उपाशी हिंडून केसांची एक बट विस्कटेल तर शपथ. ड्रॅगन दिसला की ही किंचाळणार, आणि गोष्टीत दीड पानापुरता आलेला राजपुत्र धावून हिला वाचवणार. वर ही बया धावत होती, दोन्ही पायांनी, मजेत. हिचा पाय कधी बरा झाला हे सांगायची तसदीही त्या दिवट्यांनी घेतली नव्हती. मला रागानं रडू आलं. बाबा सगळा वेळ पॉपकॉर्नच्या पुड्यात बघत होते.

शेजारच्या क्वार्टरमधल्या मराठी मैत्रिणीपुढे मी सिनेमावाल्यांचा यथेच्छ उद्धार केला. ती इंग्रजी शाळेतली, पुस्तक वाचलेली.

"पण ती लंगडी कुठे होती?" ती म्हणाली. "मतलब, पुस्तकात तसं काहीच नाहीये."

तिला खोटं पाडायला मी डिक्शनरी घेऊन पुस्तक वाचायला बसले. पंधरा दिवस लागले. हुज्जत होती, दीड पानाचा राजपुत्रही होता. लंगडणं मात्र कुठेच नव्हतं. पहिल्याच प्रकरणात ती टेकडीवरून धावत खाली येत होती.

मी पुस्तक बाबांपुढे आपटलं. "असं खोटं कायले सांगितलं मले?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "ते धावत-पयत सुटली असती, त तू तिच्यासंगं कशी गेली असती, बाई?"

सिनेमावाल्यांसाठी जमवलेल्या शिव्यांतली एकही मला आठवेना. मी पुस्तक उचललं आणि पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"सांगा पह्यल्यापासून," मी म्हटलं. "तुमचीवाली."