मंगीला हसलेली माणसं

सरांनी माझं पुस्तक डाव्या हातात धरलं, चष्मा नाकावर खाली ओढला, मान तिरकी केली आणि बायकी आवाज काढून वाचलं, "मंगे गोऽऽऽ, पानी भरलाऽऽऽ, घरा येऽऽऽ!"

हॉल हसला. खुर्च्या हलल्या इतका हसला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हसता हसता डोळे पुसले. सरांना चेव आला. त्यांनी तेच वाक्य परत वाचलं, या वेळी कमरेवर हात ठेवून.

पेणमधला वाचनकट्ट्याचा हॉल. रविवारची सकाळ. माझ्या पहिल्या कथासंग्रहाचं प्रकाशन. मी स्टेजवर कडेच्या खुर्चीत बसलेली, अंगावर नवी साडी, मांडीवर शाल आणि नारळ. समोर तिसऱ्या रांगेत माझी आय.

मंगी माझी थोरली बहीण. सोळा वर्षांची असताना गेली. उधाणाच्या भरतीत आमच्या गावच्या बांधाला खांड पडली. म्हणजे बांध फुटला. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या आमच्या पट्ट्यात, बांध फुटला की घरात कोणी बसत नाही. बाया, पुरुष, पोरं, सगळी धावतात. ओळ लावतात, चिखलाचे गोळे हातोहात पुढे देतात आणि खांड बुजवतात. नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं आणि दोन-तीन वर्षं भाताचं नाव घ्यायला नको. त्या ओळीत मंगी सगळ्यात पुढे होती. तिच्या पायाखालचाच बांध गेला. त्यानंतर दोन दिवस प्रत्येक भरतीला आय बांधावर उभी राहून तिला हाका मारत होती. मंगे गो, पानी भरला, घरा ये. तिसऱ्या दिवशी मंगी खाडीतल्या तिवरांच्या झाडीत सापडली.

ते मी लिहिलं होतं. त्या हाकेवर हॉल हसत होता.

आणि आय? तिने आधी डावीकडे बघितलं. मग उजवीकडे बघितलं. सगळे हसतायत. मग तिने पदर तोंडाला लावला आणि तीही हसली. तिला वाटलं असणार, अशा ठिकाणी असंच करायचं असतं.

मीही हसले. खोटं कशाला बोलू? दात दाखवून हसले. फोटो आहे त्याचा.

हे सर कोण, ते सांगते. मी ज्या शाळेत क्लार्क आहे त्या शाळेचे ते निवृत्त मुख्याध्यापक. वाचनकट्ट्याचे अध्यक्ष. त्यांच्या आजोबांकडे आमच्या गावची अर्धी खारं, म्हणजे बांधाआतली भातशेतं, होती आणि माझा आजोबा त्यांचं कूळ. पिकात वाटा त्यांचा, फुटलेला बांध बांधायचा आम्ही. आता जमिनी गेल्या, घरात सगळे प्राध्यापक, डॉक्टर झाले. पण कोणाला घरात घ्यायचं आणि कोणाला ओटीवरच बसवायचं, ते अजून त्यांना बरोबर माहीत आहे. प्रस्तावनेसाठी मी त्यांच्या घरी चार खेपा घातल्या. चारही वेळा ओटीवरच बसले. चौथ्या खेपेला त्यांनी दीड पान हातात ठेवलं. त्यात लिहिलं होतं, 'खारेपाटातील भोळ्याभाबड्या माणसांची ही गमतीदार बोली वाचकांची करमणूक केल्यावाचून राहणार नाही.'

मी ते तिथेच उभ्या उभ्या वाचलं आणि म्हटलं, "फार छान लिहिलंत, सर."

मेली जीभ झडली नाही माझी!

पुस्तक मीच छापलं. प्रकाशकांनी दारात उभं केलं नाही, म्हणून भिशी लागली ती सगळी छपाईत घातली. खोकी घरात आली तेव्हा कॉटखाली जागा नव्हती, तर आयने तांदळाचा डबा बाहेर काढून जागा केली. छापायच्या आधी मंगीची कथा मी तिला वाचून दाखवली होती. आयला वाचता येत नाही. ती सुकट निवडत बसली होती. कथा संपली तरी हात चालूच. मग म्हणाली, "आसाच झाला. छाप तू."

एवढ्या विश्वासाने तिने ती हाक मला दिली. आणि मी ती उचलून सरांच्या तोंडात दिली.

कोणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. सोमवारी सकाळी मी शाळेत पोहोचायच्या आधी क्लिप पोहोचली. स्टाफरूमच्या ग्रुपवर. मग पालकांच्या ग्रुपवर. खाली हसून हसून रडणारे पिवळे चेहरे, ओळीने.

मधल्या सुट्टीत कूलरवर बाटली भरता भरता एक शिक्षक माझ्याकडे बघून ओरडले, "मंगे गो, पानी भरला!" दुसऱ्या टेबलावरून उत्तर आलं, "घरा ये!" झालं. रोजचंच सुरू झालं. बाटली भरली की मंगी. शाळा सुटली की मंगी. एका मॅडमनी तर नवऱ्याला फोन करताना म्हटलं. वर मला सांगतात, "अगं, तू तर फेमस झालीस! आम्हाला ओळख दे हं पुढे."

मी काय केलं? हसले.

कारण ही सवय त्यांना लावली कोणी? मीच. पंधरा वर्षं. नोकरीला लागले तेव्हा त्या स्टाफरूममध्ये मला कोणी डब्याला बोलवत नव्हतं. एकदा तोंडातून 'मना नाय म्हाईत' निघून गेलं आणि सगळे फुटले. "परत बोल ना! बोल ना गं तुझ्या भाषेत!" बोलले. डब्याला बोलावणं आलं. तेव्हापासून गॅदरिंग असो, निरोप समारंभ असो, कोणाचा वाढदिवस असो, मला उभं करायचं आणि मी कोळणीचं भांडण, सासू-सुनेचं भांडण, असलं काहीबाही करून दाखवायचं. आम्ही आगरी, आणि आगरी म्हणजे विनोद. आगरी बाई म्हणजे भांडकुदळ, जाडी, मोठ्या घशाची. मी माझ्या आत्या, मावश्या, काकवा एकेक करून त्यांच्या पुढ्यात वाढल्या. शेवटी मंगी राहिली होती, तीही गेली.

सर खोटं वाचत नव्हते. त्यांना मी जे शिकवलं तेच ते वाचत होते. हे कळलं तेव्हा मला स्वतःचीच किळस आली.

त्याच आठवड्यात सरांचा फोन. आवाज खूश. "अहो ताई, तुमचं पुस्तक गाजतंय! रोह्याहून बोलावणं आलंय. तिथल्या वरशातल्या सोसायटीचं मंडळ आहे, चांगले लोक आहेत, कंपनीतले ऑफिसर वगैरे. तेच वाचन ठेवू. या वेळी आपण दोघं मिळून करू. मी सुरुवात करतो, तुम्ही हाक मारा. आणि मग तालुक्यातल्या शाळांच्या ग्रंथालयांसाठी मी शब्द टाकतो. खोकी कॉटखाली राहायची नाहीत."

मी हो म्हटलं. लिहून ठेवा, हो म्हटलं. नव्या लेखकाला काय असतं माहितीये? पुस्तक कोणी घेत नाही. पेण स्टँडजवळच्या दुकानदाराने पाच प्रती ठेवून घेतल्या, त्याही वह्यांच्या मागे. ओळखीचे लोक फुकट मागतात आणि वाचत नाहीत. त्यात कोणी सांगतं की शाळाशाळांत जाईल, तर माणूस हो म्हणतं.

आयला सांगितलं, रविवारी रोह्याला जायचंय, परत वाचन आहे. ती भांडी घासत होती. हात थांबला.

"परत हसतील?"

मी घासलेलं ताट उचलून पुसायला घेतलं.

"तू तेंना सांगलास नाय?"

"काय?"

"मंगी माजी पोर व्हती म्हनून."

मी ताट फळीवर ठेवलं. ती तशीच बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच वाटत होतं की त्या लोकांना माहीत नाही म्हणून ते हसले. माहीत असतं तर हसले नसते. माझी अडाणी आय, तिला माणसांबद्दल अजून एवढी खात्री होती.

रविवारी आम्ही दोघी पेणहून गाडीने रोह्याला गेलो. सर त्यांच्या कारने येणार होते, मला लिफ्ट देत होते, मी नको म्हटलं. वरशातला सोसायटीचा हॉल, मागे बॅनर, त्यावर माझा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात 'खुसखुशीत आगरी कथा'. आयला पहिल्या रांगेत बसवलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइक हातात घेतला आणि पहिलंच वाक्य, "मंडळी, पाणी भरलंय, आता कुणी घरी जायचं नाही हं!" हशा. क्लिप सगळ्यांनी बघितलेली.

सर उभे राहिले. चष्मा खाली ओढला. मान तिरकी.

मी उठले आणि त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं. ओढलंच म्हणा.

"मी वाचते."

"वा वा! वाचा की. थोडं खेळकर घ्या हं."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. बांध. भरती. ओळ. चिखलाचे गोळे. पहिल्या पानावरच मागून कोणीतरी खिदळलं, अजून विनोद आलाच नव्हता तरी. 'आगरी' म्हटल्यावर आधीच तोंड उघडून बसलेले. मी वाचत राहिले. मंगी पुढे गेली. बांध गेला. मग ती हाक आली. मी ती आयसारखी वाचली. जोरात नाही. दोन दिवस ओरडून घसा बसल्यावर जशी निघते तशी.

तरी हसले. सगळे नाही, पण हसले. मधल्या रांगेतल्या एका माणसाने टाळीसुद्धा वाजवली.

मी थांबले. पुस्तक खाली केलं. "मंगी माझी बहीण. ही पहिल्या रांगेत बसलीय ती तिची आय. ही हाक हिने मारलेली आहे. दोन दिवस. तुम्हाला यात हसायला काय सापडलं?"

टाळी वाजवणाऱ्याने हात खाली घेतले. कोणीतरी हळूच म्हणालं, "पण कथाच आहे ना?"

सर पुढे झुकले, माइकवर हात ठेवून, ओठ न हलवता म्हणाले, "ताई, वातावरण जड करू नका. लोक रविवारचे आलेत. चार घटका करमणूक म्हणून आलेत."

मी म्हटलं, "सर, तुमी खाली बसा."

"काय?"

"खाली बसा. बांध फुटला तवा तुमच्या घरातला एक मानूस तरी ओलीत चिखल द्यायला उभा व्हता का? मंग आता मधी उभं राऊ नका."

पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी माणसांसमोर माझ्या भाषेत बोलले आणि कोणी हसलं नाही. एका बाईंच्या तोंडावर हसू सवयीने आलं होतं, ते त्यांनी गिळलं. सर बसले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मी उरलेली कथा वाचली, शेवटपर्यंत, तिवरांपर्यंत. टाळ्या पडल्या नाहीत. चहाला कोणी थांबा म्हटलं नाही. पुस्तकांचं टेबल होतं तसंच राहिलं, एक प्रत हलली नाही. आम्ही दोघींनी पिशव्या उचलल्या आणि स्टेशनवर आलो. गाडीत आय एवढंच म्हणाली, "आयकून घेतला तेंनी." मी म्हटलं नाही की काही जण ऐकता ऐकता मोबाइल बघत होते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी केबिनमध्ये बोलावलं. "सर फार दुखावलेत. एवढा मोठा माणूस! तुम्हाला प्रस्तावना दिली, वर आणलं. माफी मागून टाका ना. तुमचंच पुस्तक खपेल."

"मॅडम, मंगीची माफी कोन मागनार?"

"हे बघा, शाळेत नीट बोला."

"नीटच बोलतंय."

ग्रंथालयांची यादी निघाली तेव्हा त्यात माझं नाव नव्हतं. वाचनकट्ट्याच्या ग्रुपवरून मला काढलं. स्टाफरूममध्ये मंगीचं नाव कोणी काढत नाही, आणि डब्यालाही कोणी बोलवत नाही. मी माझ्या टेबलावर, बोनाफाईडच्या गठ्ठ्याशेजारी जेवते. पोटभर जेवते.

त्या आठवड्यात मी कॉटखालची खोकी ओढली आणि ब्लेड घेऊन बसले. एकेक प्रत उघडायची आणि प्रस्तावनेचं पान मुळाशी कापायचं. आय शेजारी बसली. विचारलं, "ही कसली पानां?"

"सरांची."

"मंगीचा काय हाय त्यांत?"

"काय नाय."

"मंग काप."

सगळ्या प्रतींतून कापली. आता पुस्तक उघडलं की आत कापलेली कड दिसते. कोणी विचारलं तर सांगते, इथे एका साहेबांनी आमची करमणूक केली होती.

आणि फक्त साहेबच असे आहेत असंही नाही. पितृपक्षात आमच्याकडे बसतो त्या साखरचौथीच्या गणपतीला आमच्याच गावच्या मंडळाची पोरं आली. "ताई, तुझा कार्यक्रम ठेवू. कॉमेडी हाय ना?" मी म्हटलं, "नाय. मंगीची हाय. आयकायची असली तर बोलवा." अजून बोलावलेलं नाही. आपल्याच तोंडाला हसायचं आम्हालाही शिकवलं गेलंय, आणि ते शिकवण्यात माझा हात आहे. ते मी नाकारत नाही.

हे मी तुमच्या भाषेत लिहिलंय. मुद्दाम. समजलं नाही असं म्हणायला कोणाला जागा नको. दुसरं पुस्तक सुरू आहे, ते पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत आमच्या भाषेत असेल. मागे शब्दार्थ देणार नाही. पुढे कोणाची प्रस्तावना घेणार नाही. अडलं तर खारेपाटात या आणि बांधावर उभे राहून विचारा.

पेणला, रोह्याला, जिथे उभं करतील तिथे मंगीची कथा मीच वाचणार. नाही उभं केलं तर स्टँडवर, बाजारात वाचेन. आणि वाचताना कोणी हसलं तर मी थांबणार. त्याच्याकडे बोट दाखवून विचारणार, तुमच्या घरातलं कोण गेलंय? नाव सांगा. कसं गेलं, तुमची आई कशी रडली, ते इथे पुढे येऊन तिच्या आवाजात करून दाखवा. मी पहिल्या रांगेत बसते, हसायला.