पाणी सुटायच्या आधी

मोबाइलच्या स्क्रीनवर कुठलं बटण कुठे असावं, हे ठरवायचा मी पगार घेते. आणि माझी सख्खी आई धरणाचा मेसेज बघत नव्हती. चीड येणार नाही तर काय!

आमचं वडिवळ्याचं भाताचं वावर नदीपलीकडे, मधे ठेंगणा पूल. धरणातून पाणी सोडायच्या आधी गावच्या ग्रुपवर मेसेज येतो. तरी गेल्या पावसाळ्यात आई पुलाच्या मध्यावर असताना पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत चढलं. "आले न्हवं घरी?" म्हणून तिनं विषय संपवला. मी नाही संपवला.

यंदा आधी मेसेज मोठा केला, लाल केला, फोन बोंबलेल असं केलं. पण आवणीत, म्हणजे भाताची रोपं लावताना, सगळ्या बायकांचे फोन घरी, प्लास्टिकच्या पिशवीत, खुंटीला. आई म्हणाली, "चिखलाच्या हातानं फोन कुटं धरू गं?"

मग सुट्टी टाकून दिवसभर बांधावर बसले आणि नुसतं बघितलं. वाकलेल्या बायका मान वर करत नाहीत, पण कान सगळीकडे असतात. म्हणून पंपाच्या खोलीवर भोंगा बसवला, मेसेज आला की आपोआप वाजणारा. चाचणीला वाजवला, तर एकजण वाकल्या-वाकल्याच म्हणाली, पाववाला आला वाटतं, आज काय नको. मी कपाळावर हात मारून घेतला.

भोंगा काढून बोलका कर्णा लावला. "पाणी सुटणार आहे, घरी चला," असं माझ्या आवाजात भरलं. बायका उभ्या राहिल्या, आईकडे बघितलं आणि परत वाकल्या. आवणीत आई सगळ्यांच्या पुढे असते. ती निघाल्याशिवाय कुणी निघत नाही. आणि ती "एवढी रोपांची मूठ लावते" म्हणत आणखी चार मुठी लावते. पाण्याला ती भीत नाही, याचीच मला लय भीती वाटायची.

तिला स्वतःची काळजी नाही, हे अखेर माझ्या टाळक्यात शिरलं. मग मी वाक्यच बदललं. आता ते खरं करणंही माझ्याकडे आलं.

आवणी संपत आली तेव्हा खरा मेसेज आला. आवणीभर मी गावच्या घरूनच काम करत होते; लॅपटॉप उघडाच टाकून धावले आणि पावसात पुलावर जाऊन उभी राहिले. हलायचं नाही हे ठरलेलं. पलीकडे कर्णा बोलायला लागला, "आई, पाणी सुटतंय. मी पुलावर उभी आहे. तू आल्याशिवाय हलणार नाही."

आई हातातली मूठ टाकून पळत सुटली, मागोमाग सगळ्या बायका. पाणी अजून पुलाच्या खालीच होतं. तिनं चिखलाच्या हातानं माझं मनगट आवळलं आणि मला ओढत अलीकडे आणलं.

"मरायचंय का तुला?" ती ओरडली.

वर्षभर मी तिला हेच विचारत होते.