खाणीतला बारावा गडी

"तुझी बायको ना, वायफायसारखी आहे. घरात असते, पण दिसत नाही!"

हे सारंग म्हणाला. हॉलमध्ये. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. आमच्या सिंहगड रोडवरच्या वन बीएचकेत हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक भिंत आहे, पण ती बिल्डरनं केवळ नकाशात होती म्हणून बांधलेली असावी. सगळं ऐकू येतं.

"दिसत न्हाई कशी? चहा येतोय की येळेवर," दत्ता म्हणाला. "म्हंजी हाय!"

मग हशा. मी गाळणं तसंच हातात धरून थांबले. निनाद, म्हणजे माझा नवरा, आता काय म्हणतो ते ऐकायचं होतं.

निनाद म्हणाला, "अरे, आधी सेव्ह कर. क्रॅश होईल."

तर असं. न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. बोलणारे आपले किस्से रोजच्या रोज खर्च करून टाकतात. आमच्यासारख्यांचे पडून राहतात, माळ्यावरच्या पितळी भांड्यांसारखे. लग्नाला पाच महिने झाले. तेवढ्यात या तिघांचे माझ्याकडे इतके किस्से जमलेत, की आता डब्याचं झाकण बसत नाही. म्हणून थोडे काढून ठेवते.

*

आधी खाणीबद्दल सांगायला हवं.

हे तिघं लहान असताना एक कॉम्प्युटर गेम होता. जमिनीखाली खाण. त्यात इवलेसे कामगार. त्यांना खाली उतरवायचं, दगड फोडायला लावायचं, स्फटिक गोळा करायचे, छत कोसळण्याच्या आत सगळं वर आणायचं. कुणाला कुठं पाठवायचं, याचं डोकं आपण चालवायचं. तिघांनी तीन वेगवेगळ्या घरांत आई-वडिलांचा मार खाऊन तो गेम खेळला. पुढं इंजिनियरिंगच्या हॉस्टेलवर भेट झाली, तेव्हा एकाच गेमसाठी मार खाल्लेले तिघं म्हणून दोस्ती झाली.

तो जुना गेम आता नव्या कॉम्प्युटरवर धड चालत नाही. काढणाऱ्यांनी तो केव्हाच वाऱ्यावर सोडला. मग जगभरातले त्याचे वेडे चाहते आपापल्या घरी बसून तो नव्यानं बनवतात. फुकट. हौस म्हणून. आमच्या घरीही चार वर्षं तेच चाललंय. दर शनिवार-रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.

"हा संसार माझ्याआधीचा आहे," हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी कळलं.

*

त्याच पहिल्या शनिवारचा किस्सा.

सारंग पेठेतला. त्याच्या घरी पाहुण्यालासुद्धा "निघताय का?" असं दार उघडताना विचारतात, असं निनाद म्हणतो. दत्ता लोणी काळभोरचा. कंपनीत प्रेझेंटेशन इंग्रजीत देतो आणि जिना उतरता उतरता गावात पोचतो. मी चंद्रपूरकडची.

मी चहा दिला. सारंग म्हणाला, "वहिनी, मला बिनसाखरेचा." मी सहज विचारलं, "काहून?" म्हणजे आमच्याकडचं 'का?'

एवढंच! तिघंही हसले. सारंगनं तर मोबाइलच काढला. "वहिनी, परत एकदा म्हणा ना! गेममध्ये टाकू. गड्याला हुकूम दिला की तो वळून म्हणणार, काहून!"

वाईट मनानं नाही हसले. तेच तर अवघड आहे. वाईट मनानं हसले असते तर मी राग धरला असता आणि मोकळी झाले असते.

तेव्हापासून मी वाक्य आधी मनात तयार करते. शब्द पुण्याचा आहे ना, हेल सपाट आहे ना, सगळं तपासते. वाक्य तयार होईपर्यंत विषय बदललेला असतो. मग ते वाक्यही माळ्यावर.

निनादला हाक मारायचंही तसंच राहिलं. त्याच्या आईसमोर 'अहो' म्हणायचं, मित्रांसमोर नावानं, की उलट? मी ठरवलं, कळेपर्यंत काहीच म्हणायचं नाही. पाच महिने मी नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहते. मग तो बघतो.

*

आता मार्केट यार्डाचा.

गेममधला कामगार, म्हणजे दत्ताच्या भाषेत 'गडी', दगड उचलताना एक 'हुं' करतो. मूळ गेममधला आवाज घ्यायचा नाही, आपलाच हवा, असा यांचा बाणा. म्हणून तिघं भल्या सकाळी मार्केट यार्डात गेले. दत्ताच्या घरची कांद्याची गाडी तिथं येते.

सारंगनं एका हमालापुढं माइक धरला. "काका, जरा 'हुं' म्हणा."

"कशापायी?"

"वजन उचलल्याचा आवाज पाहिजे."

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रिकाम्या हातानं 'हुं' येत नसतो. त्ये घ्या पोतं. उचला. तुमचाच यील!"

उचललं. आला. सारंग आठवडाभर कमरेला पट्टा लावून ऑफिसला गेला. आता खाणीतले बाराच्या बारा गडी त्याच्या आवाजात कण्हतात. तो स्वतः ते ऐकून हसत नाही. मी मात्र स्वयंपाकघरात हसते. कुकरच्या शिट्टीत.

*

एकदा यांनी सुट्टी घेतली. म्हणजे खाणीतून. सगळे खडकवासल्याला गेलो. मलाही नेलं.

धरणाच्या काठी कणसं घेतली आणि तिघं पाण्याकडे पाठ करून बसले! वाद पेटला : नवव्या खाणीत पाणी शिरतं, तर बोगदा भरायला किती वेळ लागायला हवा? दत्ता म्हणाला दोन मिनिटं. सारंग म्हणाला, "तुझ्या शेतातला पाट नाहीये तो." निनादनं दाणे खाऊन उरलेल्या बुरकुंडानं मातीत बोगदा कोरला आणि बाटलीतलं पाणी सोडून बघितलं. पुढ्यात अख्खं धरण, आणि हे बाटलीनं पाणी मोजतायत.

कणीसवाल्या मावशी बराच वेळ ऐकत होत्या. मग माझ्याकडं वाकून म्हणाल्या, "ह्ये धरणाचे इंजिनियर हाईत का?"

आता काय सांगणार? मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाही कळलं नाही.

"मग इचारा की त्येंला," मावशी म्हणाल्या, "धरण आमच्या उशाला, अन् नळाला पाणी का न्हाई?"

मी हसले. मावशीही हसल्या. मला लिंबू जास्त लावलेलं एक कणीस वर दिलं. त्या दिवसभरात मला कुणी विचारलेला तेवढा एकच प्रश्न.

*

परदेशातसुद्धा असे गट आहेत. त्यांच्यात भांडणंही होतात. एका गृहस्थानं यांना लांबलचक पत्र धाडलं, की मूळ गेममधला कामगार तिसरा घाव घालण्याआधी किंचित थांबतो, तुमचा थांबत नाही, हा आमच्या बालपणाचा अपमान आहे.

तिघांनी ते गांभीर्यानं घेतलं. जुन्या लॅपटॉपवर जुना गेम लावून, हातात स्टॉपवॉच घेऊन, दोन रविवार त्या गड्याचं दम घेणं मोजलं.

दुसऱ्या रविवारी मला ताप होता. चहा दुपारी चारऐवजी साडेपाचला गेला. निनाद ट्रेमधून कप उचलत म्हणाला, "बघ, थांबतो तो! अर्धा सेकंद! इतकी वर्षं आमच्या लक्षातच आलं नाही!"

मी म्हटलं, "हो ना."

*

हा पुढचा किस्सा या तिघांचा नाही. यांना तो माहीतही नाही. पण खाणीतलाच आहे, म्हणून इथं घेते.

माझे बाबा कोळशाच्या खाणीत लॅम्प रूमला होते. बायोडेटात 'वडील : कंपनीत नोकरी, निवृत्त' एवढंच लिहिलेलं. सासऱ्यांनी पेन्शन आहे का विचारलं, आहे म्हटल्यावर पुढं कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. तिघांना चार वर्षं खाणीचं वेड, आणि खाणीवाल्याची मुलगी घरात चहा करतेय!

लॅम्प रूमची रीत अशी : खाली उतरणारा माणूस आपला पितळी बिल्ला खिडकीत देतो आणि डोक्याचा दिवा घेतो. बिल्ला खिळ्याला लटकतो. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. शिफ्ट संपल्यावर खिळ्याला बिल्ला उरला, तर एक माणूस खाली आहे. मग बाबा खिडकी बंद करत नसत. कोळसा किती निघाला ते साहेब बघतील. बाबांचं काम माणसं मोजणं.

एका दुपारी एक बिल्ला उरला. लोक परत खाली उतरले, हाका मारल्या, कोपरान् कोपरा धुंडाळला. तीन तास. बाबा त्या बिल्ल्यासमोर उभे. शेवटी कुणीतरी त्या माणसाच्या घरी जाऊन आलं. गडी घरी झोपलेला! डोक्यावरच्या दिव्यासकट! दिवा द्यायचाच विसरला आणि तसाच सायकलवर बसून गेला. त्याची बायको म्हणाली, "मले वाटलं, आपल्याकडची लाइट गेली म्हणून घालून आले!"

सगळे त्याच्यावर ओरडले. बाबा नाही. बाबांनी दिवा घेतला, बिल्ला दिला आणि म्हणाले, "खाली नव्हता ना तू? मंग झालं."

*

हे मी निनादला सांगणार होते. वाक्य तयार होतं. पण तेव्हा यांच्या खाणीवर संकट आलं.

यांचा गेम जवळजवळ पूर्ण झाला होता. रविवारी चार वाजता जगभरातल्या चाहत्यांना तो थेट दाखवायचा होता. आणि गेम मध्येच अडकायला लागला. स्फटिक पुरे झाले, 'मोहीम फत्ते' असं आलं, की कधीकधी पुढची खाण उघडतच नाही. बंद करून परत चालू करायचं. तीन आठवडे शोधूनही कारण सापडेना. दत्ता म्हणाला, "चार वर्षं नांगरलं, अन् आता पेरणीला बैल बसला!" निनादचं जेवण कमी झालं.

मी दिवसभर घरी एकटी असते. इथं शाळेत नोकरी शोधतेय. शाळा 'कळवतो' म्हणतात. दुपारी निनादच्या कॉम्प्युटरवर मी त्यांची खाण उघडते. कुणाला ठाऊक नाही.

बारा गडी आहेत. अकरांना या लोकांनी मित्रांची नावं दिली. बाराव्याला नाव सुचलं नाही, म्हणून तो तसाच. त्याला हुकूम कमी मिळतात. हुकूम नसला की तो थोडा वेळ उभा राहतो, मग आपला आपण एखाद्या कोपऱ्यात जाऊन दगड गोळा करतो. मला तो आवडतो.

बुधवारी माझ्यासमोर गेम अडकला. मी बंद केला नाही. बघत बसले. कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर एक ठिपका लुकलुकत होता. दरड पडली होती आणि तिच्यामागं बारावा उभा होता. बाकी अकरा वर आलेले. मी दोघांना परत खाली धाडलं, दगड फोडायला लावला. तो चालत वर आला आणि पुढची खाण उघडली. खट्कन!

संध्याकाळी निनाद आला. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. मनात वाक्य जुळवलं : गेम अडकत नाही, तो वाट बघतोय. जुळेपर्यंत त्यानं हेडफोन चढवले होते. मग एक कान मोकळा करून म्हणाला, "काही म्हणालीस?"

"नाही. पोळ्या गरम करू?"

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. शनिवारी ते दोघं आले आणि सारंगनं ते वायफायचं वाक्य टाकलं.

*

आणि हा कालचा. रविवार, चार वाजता.

स्क्रीनच्या एका बाजूला देशोदेशीचे चेहरे. कुणाकडं सकाळ, कुणी अजून पायजम्यात. तिसऱ्या घावाआधीचा अर्धा सेकंद मागणारे गृहस्थही होते. गडी थांबला तेव्हा त्यांनी चक्क डोळे पुसले. सारंगचा 'हुं' घुमत होता. दत्ता खुर्चीवर न बसता खुर्चीमागं उभा. निनादच्या मानेवर घाम.

शेवटचा स्फटिक आला. 'मोहीम फत्ते!' तिकडून टाळ्या सुरू झाल्या.

आणि गेम अडकला.

टाळ्या हळूहळू विरळ झाल्या. कुणीतरी इंग्रजीत विचारलं, नेट गेलं का? सारंग हळूच म्हणाला, "मरू दे, बंद करून परत चालू कर. माफी मागू." दत्ता म्हणाला, "करा बंद. इलाज न्हाई." निनादचं बोट बटणाकडं गेलं.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. कोपऱ्यातल्या नकाशावर ठिपका लुकलुकत होता. वाक्य तयार नव्हतं. ट्रे खाली ठेवायचंही सुचलं नाही. माइक चालू होता.

"निनाद! बंद काहून करून राहिला? एक माणूस खाली राहिला ना!"