बुटांना लावलेली माती

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मागच्या आठवड्यात आईचं वर्षश्राद्ध झालं. बायका तिच्याविषयी बोलत होत्या आणि मी मान खाली घालून भाजी निवडत होते. तेव्हाही नाही सांगितलं. तुम्हाला सांगते — सरळ सांगता येईल की नाही, माहीत नाही.

शाळेत असताना मी पळायचे. कनेरगाव नाक्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, उजाडता उजाडता. एकटी पोरगी रस्त्यावर नको, म्हणून आई सोबत यायची. आई ब्लाऊज शिवायची. दिवसभर मशीनवर बसून. मी पुलापासून धाब्यापर्यंत पळत जाई, तोवर ती पुलावर टेकत असेल असं मला वाटे. पण परत येताना दिसायची ती पदर खोचून झपझप चालताना. मला म्हणायची, "बस झालं व्हय? अजून एक चक्कर मार की." ती चक्कर कोणासाठी होती?

बारावीनंतर कॉलेजसाठी मी हिंगोलीत तिघी-चौघींसोबत खोली करून राहिले. निघताना आईनं नवे बूट घेऊन दिले. पहिल्याच आठवड्यात पहाटे उठून ते घातले, तर पांघरुणातून एकजण म्हणाली, "पोलीस भरती हाय काय गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. बूट काढले. — त्या हसण्यामुळं पळणं सुटलं, असं म्हणू का? नाही. मला झोप आवडली. मग ग्रंथालय आवडलं. अडवलं कोणीच नव्हतं.

आईनं फोनवर विचारलं तेव्हा म्हणाले, कॉलेजच्या मैदानावर रोज पळते. एवढंच. पण खोटं सांभाळावं लागतं. दर शनिवारी गावच्या फाट्यावर एसटीतून उतरले, की मी पिशवीतून बूट काढायचे आणि कडेच्या काळ्या मातीत घासायचे. घरी आई ते धुऊन उन्हात ठेवायची. शेजारी सांगायची, "सोडलं न्हाई पोरीनं पळणं."

दुसऱ्या वर्षी तिला साखर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. त्या रविवारी ती मला उठवायला आली, पदर खोचूनच. "चल गं. तू पळ, मी चालते."

मी कूस बदलली. "आठवडाभर पळते ना तिथं, आई. एक दिवस झोपू दे. तू जा की."

एकटी कशी जाणार होती? आमच्याकडं बाईमाणूस शेतात जातं, देवाला जातं. नुसतं चालायला जात नाही. तरी तिनं करून पाहिलं. घरात एक शेळी होती, म्हणून हातात विळा घेऊन निघाली — कोणी विचारू नये म्हणून. परतताना शेजारच्या जिजाकाकूनं गाठलंच, "काहून वं, विळ्याला हवा खायला नेलं व्हतं? गवत कुठंय?" हे आईनंच मला हसत हसत सांगितलं. मीही हसले — पुन्हा. त्यानंतर ती गेली नाही.

पुढं साखरेनंच ती वारली. माझ्यामुळं वारली, असं कोणी डॉक्टर म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण माझ्या निमित्तानं तिला रोजची सकाळ मिळत होती. ते निमित्त मी काढून घेतलं. झोपेसाठी.

आणि एक शनिवार. आईनं धुतलेला बूट उलटा करून पाहिला. तळ कोरा होता, सगळ्या रेघा जशाच्या तशा. "लई टिकाऊ निघाले गं तुझे बूट," ती म्हणाली आणि ते उन्हात ठेवले. माझ्याकडं पाहिलं नाही. तिला कळलं होतं का? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. पुढच्या शनिवारीही मी बूट मातीत घासले. तिनंही ते धुतले.

वर्षश्राद्धाच्या पंगतीनंतर जिजाकाकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुझ्या पळण्याचं लई कौतुक व्हतं तिला. अजून पळतीस ना?"

मी म्हणाले, "व्हय."